तीळभर दिवस

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि ते सांगण्याचे काम बहुधा आजीकडे व ऐकण्याचे काम नातवंडांकडे आलेले असते. हे वाक्य इतके ओळखीचे झाले आहे की तिळगुळाच्या वाटीबरोबर ते हातावर ठेवले जाते आणि कोणी त्याच्यापाशी थांबत नाही. तरीही ज्या घरात लहान मुली आहेत त्या घराने त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. कारण या वाक्यात वाढीचे एक माप सांगितले आहे, आणि लहान मुलींच्या घरात वाढीचे माप हा विषय एका स्वेटरपासून दुसऱ्या स्वेटरपर्यंत सतत चालूच असतो.

प्रथम हे माप खरे आहे का, ते पाहावे लागते. दिवस वाढू लागतो तो संक्रांतीला नव्हे, तर २१ किंवा २२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य दक्षिणेकडचे आपले शेवटचे टोक गाठून उत्तरेकडे वळतो तेव्हा. मकरसंक्रांत त्यानंतर सुमारे चोवीस दिवसांनी येते. हे अंतर पूर्वी नव्हते. पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या दांड्यासारखा अतिशय मंद गतीने डोलत असतो आणि त्याचा एक फेरा पुरा व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात; त्यामुळे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेली, म्हणजे निरयन, संक्रांत आणि ऋतूंच्या आधाराने मोजलेले, म्हणजे सायन, उत्तरायण यांच्यात साधारण बहात्तर वर्षांना एक दिवस असे अंतर पडत जाते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत होते. १८६३ मध्ये विवेकानंदांचा जन्म झाला तो दिवस संक्रांतीचा होता आणि इंग्रजी तारीख १२ जानेवारी होती. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. म्हणजे आजी जेव्हा नातीला सांगते की आजपासून दिवस वाढणार, तेव्हा तो तीन आठवड्यांहून अधिक काळ वाढतच आलेला असतो आणि घरात कोणाच्या ते ध्यानात आलेले नसते.

मात्र एवढ्यावरून म्हण चुकीची ठरवता येत नाही, कारण त्या चोवीस दिवसांत झालेली वाढ ध्यानात येण्याजोगी नसतेच. पुण्याच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो आणि संक्रांतीपर्यंत त्यात जेमतेम सहा-सात मिनिटांची भर पडते. अयनाच्या दिवशी सूर्य जणू थबकलेला असतो, आणि संक्रांतीच्या सुमारास दिवस रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाढू लागतो. हे अर्धे मिनिट म्हणजेच तीळ असे मानले, तर म्हणीने वाढीच्या आरंभाचा दिवस सांगितलेला नसून ती डोळ्यांत भरू लागते तो दिवस सांगितला आहे, असा अर्थ लावता येतो. हा अर्थ म्हणीला वाचवण्यासाठी ओढून आणलेला आहे, हेही नाकारता येत नाही.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. दिवस वाढतो म्हणजे सकाळ लवकर होते आणि संध्याकाळ लांबते, अशी सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षात जानेवारीच्या मध्यापर्यंत सकाळ उलट उशिराच होत जाते. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट आणि तिचा आस कललेला असल्यामुळे सूर्याची मध्यान्ह घड्याळाच्या बाराशी बांधलेली राहत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत ती दिवसेंदिवस पुढे सरकत असते. म्हणून पुण्यात सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीसच होऊन गेलेला असतो, तर सर्वांत उशिराचा सूर्योदय संक्रांत उलटून गेल्यावर तीन-चार दिवसांनी येतो. अयनापासून संक्रांतीपर्यंत सूर्यास्त तेरा-चौदा मिनिटांनी लांबतो आणि सूर्योदयही सुमारे सात मिनिटांनी लांबतो; या दोहोंची वजाबाकी म्हणजे ती सहा-सात मिनिटे. वाढीचा प्रत्येक तीळ संध्याकाळच्या पारड्यात पडतो आणि सकाळच्या पारड्यातून रोज थोडे काढून घेतले जाते.

कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. सकाळच्या शाळेसाठी मुलीला अंथरुणातून उठवणे, दिव्याच्या उजेडात तिच्या दोन वेण्या घालणे, कानटोपीखाली रिबिनी चुरगळणार हे ठाऊक असूनही त्या नीट बांधणे, हे सारे काळोखात होते, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीही काळोखातच होते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले, त्यामागे लहान मुलांच्या झोपेचीच काळजी होती. पण पाचवीतली मुलगीही फार मोठी नसते आणि तिच्या सकाळीही थंडीच असते. उलट संध्याकाळी अंगणात किंवा इमारतीच्या गच्चीवर लंगडी खेळणाऱ्या मुलींना वर बोलावण्याची वेळ या दिवसांत खरोखर पुढे गेलेली असते. आईबापांच्या वाट्याला आलेल्या सकाळीला म्हण लागू पडत नाही, मुलींच्या वाट्याला आलेल्या संध्याकाळीला पडते. म्हण सांगणारी आजी कोणत्या वेळी सांगत होती, यावरच तिचा खरेपणा अवलंबून असावा काय, असा विचार येथे मनात येतो आणि त्याचे उत्तर मिळत नाही.

तीळ हे माप मुलीलाच लावून पाहिले, तर वेगळा हिशेब समोर येतो. तीन-चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर उंच होते, आणि तिळाच्या दाण्याची लांबी असते साधारण तीन मिलिमीटर. म्हणजे मुलगी तीळभर वाढायला सुमारे तीन आठवडे लागतात. उत्तरायण आणि संक्रांत यांच्यामधले, म्हणीने न मोजलेले जे चोवीस दिवस आहेत, त्या दिवसांत घरातली मुलगी एका तिळाहून किंचित जास्त वाढलेली असते. हा योगायोग आहे आणि त्याला काही अर्थ नाही. परंतु एकदा तो दिसला की डोळ्यांपुढून हलत नाही. शिवाय वाढ तिळातिळाने होते हेही पूर्ण खरे नसावे. वाढीच्या अभ्यासक मिशेल लॅम्पल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांची लांबी वारंवार मोजून १९९२ मध्ये असे मांडले, की बाळाची वाढ रोज सारखी होत नाही. बरेच दिवस ती थांबलेली असते आणि मग एखाद्या दिवसात एकदम होऊन जाते. परवापर्यंत येत असलेली बाही आज अपुरी पडली, असे आई म्हणते तेव्हा ती नजरचूक सांगत असेलच असे नाही.

तीळ खरोखर वाढताना पाहायचा असेल, तर तो आकाशात किंवा मुलीत न शोधता परातीत शोधावा लागतो. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना स्वच्छ धुऊन वाळवलेले तीळ परातीत घेऊन ती अगदी मंद आचेवर ठेवतात, आणि साखरेचा मळी काढलेला पाक चमच्याचमच्याने वरून सोडत तीळ बोटांनी सतत हलवत राहतात. एक चमचा पाक दाण्यांवर सुकला की मगच दुसरा पडतो. आच वाढली तर पाक पिवळा पडतो, पाक जास्त झाला तर दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो, आणि हात थांबला तर परातीच्या तळाशी साखर बसते. मध्ये विसावा देत हे काम दोन-दोन, तीन-तीन दिवस चालते. कोरड्या थंडीत हलव्याला काटा चांगला फुटतो आणि दमट हवेत दाणा गुळगुळीत राहतो, असे हलवा करणाऱ्या बायका सांगतात. म्हणून पहाटेच्या गारठ्यात शेगडीजवळ बसून तो करण्याची पद्धत होती. त्या वेळी शेजारी येऊन बसलेल्या मुलीला ऊब मिळे, एखादा पांढरा दाणा मिळे, आणि बोट भाजेल म्हणून दटावणीही मिळे.

या हलव्याचे दागिने करतात, आणि मुलीच्या आयुष्यात ते अंगावर चढण्याचे ठरलेले प्रसंग दोनच असतात. पहिला प्रसंग बोरन्हाणाचा. संक्रांत ते रथसप्तमी या काळात लहान मुलाला काळे झबले किंवा परकर-पोलके घालून पाटावर बसवतात, हलव्याचा हार, बिंदी, बांगड्या घालतात आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे ओततात. जमलेली मुले ती वेचून खातात, आणि त्या निमित्ताने ऋतूतले फळ उघड्यावर खेळता खेळता पोटात जाते. दुसरा प्रसंग तिळवणाचा, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचा, ज्या वेळी नव्या सुनेला काळी साडी नेसवून हलव्याने सजवतात. पहिल्या प्रसंगाची आठवण मुलीला नसते, आईबापांना असते. दुसऱ्या प्रसंगी ती बहुधा सासरच्या अंगणात असते. या दोन दागिन्यांच्या मध्ये वीस-पंचवीस हिवाळे येतात, आणि त्यांना कोणताही दागिना नाही, विधी नाही, नावही नाही.

बिननावाच्या त्या हिवाळ्यांतच कुटुंबे मुलींना घेऊन बाहेर पडतात. रविवारी पहाटे भिगवणला उजनीच्या जलाशयावर होडीत बसून रोहित पक्ष्यांचे थवे पाहिले जातात, थोरलीला दुर्बीण मिळते आणि धाकटी थंडीने आईच्या शालीत शिरते. नगर-सोलापूरकडच्या एखाद्या रानात हुरड्याला जाणे होते. हुरडा म्हणजे रब्बी ज्वारीचा कोवळा दाणा. कणीस चिकात असते तेव्हा दाण्यातून दुधासारखा रस येतो. मग तो घट्ट होऊन गोड लागतो, त्या अवस्थेला कणीस हुरड्यात आले असे म्हणतात. आणि आठवडाभरात दाणा टणक होऊन त्याची ज्वारी होते. जमिनीत खणलेल्या आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसे भाजतात, ती गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढतात, आणि लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही यांबरोबर खातात. चोळणाऱ्याचे तळवे लाल होतात, आणि समोर पसरलेल्या लहान ओंजळी पुन्हा पुन्हा रिकाम्या होतात.

हुरड्याचे ते सात-आठ दिवस पाहून मुलींच्या बालपणाची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण ही उपमा जपून वापरायला हवी. हुरडा खाणाऱ्याच्या दृष्टीने दाणा टणक झाला की हंगाम संपतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र पीक तेव्हाच हाती येते, कारण वर्षभराची भाकरी हुरड्याची होत नाही. मुलगी मोठी होते आहे याचे दुःख करणारा बाप खाणाऱ्याच्या बाजूला बसलेला असतो. त्याने शेतकऱ्याच्या बाजूला यावे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु शेतकरीही शेताच्या एका कोपऱ्यातली कणसे हुरड्यासाठी काढतोच, आणि घरच्या लेकरांना ती हाताने चोळून देतोच. तेव्हा कोणती बाजू खरी, हे हुरड्याच्या दाखल्यावरून ठरत नाही.

परातीकडे पुन्हा वळले, तर आणखी एक अडचण दिसते. हलव्यात तीळ वाढतो असे म्हणतात, पण तीळ जेवढा होता तेवढाच राहतो. वाढते ती त्याच्याभोवतीची साखर. काटा फुटलेला दाणा हातात घेतला तर आतला तीळ दिसत नाही, तो दाताखाली आल्यावरच कळतो. भिगवणच्या होडीतली ती सकाळ, आगटीजवळची ती दुपार प्रत्यक्षात किती मोठी होती? कदाचित धाकटी रडली असेल, परतीच्या गाडीत दोघी भांडल्या असतील, पक्षी फार लांब असतील. त्यानंतर दर हिवाळ्यात त्या दिवसावर एकेक चमचा पाक पडत गेला, आणि आज जे गोड आणि काटेरी काही हातात आहे त्यात मूळ दिवसाचा वाटा तिळाएवढाच असू शकतो. मुलींच्या आठवणीत मात्र तोच दिवस नुसत्या तिळाएवढा उरला असेल, किंवा अजिबात नसेलही. मग वाढले ते नेमके काय, मुलगी, दिवस, की त्यांच्याभोवती घराने जमवलेली साखर, हे वेगळे करून सांगता येत नाही.

दिवसाची वाढही कायम राहत नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात तो सव्वातेरा तासांच्या आसपास पोहोचतो आणि मग घटू लागतो, पण त्या घटीसाठी तिळासारखे एखादे माप कोणी मुलांच्या हातावर ठेवत नाही. आषाढाच्या ढगांत ती लपून जाते, आणि कार्तिकात संध्याकाळ एकदम लवकर आली असे सर्वांना वाटते. वाढ सांगायची आणि घट सांगायची नाही, हा मोठ्यांनी मुलांशी केलेला मौनाचा करार असावा. तो मायेचा आहे की भीतीचा, हे त्या मौनातून कळत नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला खिडकीबाहेर काळोखच असतो. वेणी घालून घेणारी मुलगी कालचे वाक्य आठवून त्या काळोखाकडे बोट दाखवते, तेव्हा तिला सूर्याच्या मध्यान्हीचे सरकणे समजावून सांगावे, की संध्याकाळपर्यंत थांबायला सांगावे? पहिले खरे आहे, पण त्यासाठी तिचे वय अजून कोवळे आहे. दुसरेही खरे आहे, पण संध्याकाळ होईपर्यंत ती प्रश्न विसरून लंगडी खेळायला गेलेली असते, आणि गच्चीवर उरलेले अर्धे मिनिट ती मोजत नाही. ते मोजणारे माणूस दारात उभे असते, आणि तिला आत बोलवावे की आणखी थोडे खेळू द्यावे, हेही त्याचे ठरत नाही.