दारावरचे खेकडे

'नमुना उतरवून घेणे' हा शब्दप्रयोग मराठी समीक्षेच्या वाटेला फारसा गेलेला नाही. रूपांतर, अनुवाद, अनुकरण, प्रभाव या संज्ञांवर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली. परंतु शेजारणीच्या टीपॉयवरचा रुमाल दुपारपुरता मागून आणायचा, त्याची घरे मोजायची, आणि संध्याकाळी तो परत करताना त्याची पहिली ओळ आपल्या सुईवर आलेली असायची, या व्यवहाराला संज्ञा देण्याची निकड कोणास वाटली नाही. गेल्या पावसाळ्यात क्रोशाच्या एका तोरणाचा नमुना बदलण्याचे काम आमच्याकडे आले, आणि या उपेक्षित क्रियापदाचा विचार करणे भाग पडले.

तोरण आमच्या आईने फार पूर्वी विणलेले. दोन्ही कडांना भरीव पट्टी, खाली लहान लहान कंगोऱ्यांची झालर आणि मधे हंसांची रांग. आमच्या भाच्याला आपल्या खोलीच्या दारावर तसेच तोरण हवे होते, मात्र हंसांच्या जागी 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळातले परग्रहवासी. आई आता बारीक सुई धरत नाही. तेव्हा डोके तिचे आणि हात आमचे, अशी वाटणी ठरली.

हा खेळ १९७८ सालचा, जपानच्या तैतो कंपनीचा. तोमोहिरो निशिकादो यांनी तो रचला. पडद्यावर अकरा-अकराच्या पाच रांगांत पंचावन्न आकृती उभ्या असतात आणि डावी-उजवीकडे सरकत खाली उतरतात. त्यांतली सर्वांत ओळखीची आकृती अकरा ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच आहे. अठ्ठ्याऐंशी घरांपैकी सेहेचाळीस उजळलेली, उरलेली काळी. भाच्याने ती वहीच्या चौकोनांत काढून आणली तेव्हा कोकणातल्या माहेरची आमची आई एवढेच म्हणाली, "ही तर कुर्ली." निशिकादोंच्या मनात खरोखरच ऑक्टोपस, खेकडा आणि माखूल असे समुद्रातले जीव होते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

आईला ती आकृती चटकन वाचता आली याचे आश्चर्य वाटू नये. जाळीचा क्रोशा म्हणजे दोनच अक्षरांची लिपी. एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुन्हा खांब, हे रिकामे घर. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की ते भरीव घर. याखेरीज तिसरे चिन्ह नाही. चौकोनांच्या जाळ्यावर काढलेले नमुने युरोपात सोळाव्या शतकापासून छापले जात. फेदेरिको विंचिओलो यांचे पॅरिसला निघालेले प्रसिद्ध पुस्तक १५८७ सालचे आहे. ते सुईने भरायच्या जाळीसाठी होते, क्रोशा नंतरचा. पण घर भरायचे की रिकामे ठेवायचे, एवढाच प्रश्न विचारत चित्र उभे करण्याची रीत तीच. पडद्यावरच्या ठिपक्यालाही तोच प्रश्न पडतो.

एवढ्या मोजक्या घरांत चित्र बसवायचे म्हणजे काय सोडायचे ते ठरवणे आले. १९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये शिगेरू मियामोतो यांनी मारिओला टोपी दिली ती केस काढणे अवघड म्हणून, आणि मिशा दिल्या त्या तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून. आईच्या हंसाची चोच एका भरीव घराची आहे आणि त्याला डोळाच नाही. दोघांची अडचण एक आणि तोडगाही एकाच जातीचा.

तरीही वहीतला खेकडा जसाच्या तसा दोऱ्यात उतरत नाही, कारण क्रोशाचे घर चौरस नसते. आईच्या तोरणात दहा घरे आडवी मोजली तर साडेसहा सेंटिमीटर भरतात आणि दहा ओळी उभ्या मोजल्या तर साडेपाच. तोरण आडवे विणले तर खेकडा पसरट होतो. बाजूने, म्हणजे लहान ओळींचे विणून मग फिरवले, तर तोच खेकडा उभट होतो. लहान ओळींचे काम सोपे, म्हणून आमचा ओढा तिकडे होता. आईने विचारले, "खेळात कसा दिसतो तो? तसा कर." भाच्याच्या मते खरा आकार वहीतला, चौरस घरांचा. वस्तुतः ठिपका चौरस असतो ही सवय आपल्याला पुढच्या काळातल्या संगणकांनी लावली. निन्टेंडोच्या जुन्या यंत्राचा ठिपका अमेरिकी-जपानी पद्धतीच्या टीव्हीवर आठास सात या प्रमाणात रुंद पडे, आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत त्याहूनही रुंद. नव्वदच्या दशकात नकली यंत्रांवर, कॅसेट फुंकून फुंकून खेळलेला आमचा मारिओ मुळात थोडा जाडच होता. आईच्या हाताचे प्रमाण काढले तर ते जवळजवळ तेच येते. तोरण आडवे विणायचे ठरले.

अडचण उजेडाचीही होती. पडद्यावर खेकड्याचे अंग उजळते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळी घरे राहतात. दारावर टांगले की दिवसा मागून उजेड येतो. मग भरीव अंग काळसर दिसते आणि डोळ्यांच्या रिकाम्या घरांतून प्रकाश झिरपतो. संध्याकाळी आतला दिवा लागला की खोलीतून पाहताना चित्र उलटते, आणि बाहेरच्या काळोखावर पांढरा खेकडा उमटतो. अंग जाळीचे आणि पार्श्वभूमी भरीव करून दिवसाचे चित्र खेळासारखे करता आले असते. परंतु तसे केल्यास तोरणाचे तोरणपण, म्हणजे त्यातून वारा आणि उजेड येण्याची सोय, नाहीसे होते. दिवसा डोळे चमकणारे खेकडे आम्ही पत्करले.

राहिली हालचाल. प्रत्येक परग्रहवाशाच्या दोनच मुद्रा, हात खाली आणि हात वर, आणि त्या आळीपाळीने येतात. खेळात सगळी रांग एकच मुद्रा घेते. तोरण हलत नाही, म्हणून आम्ही एक खेकडा हात खाली केलेला आणि पुढचा हात वर केलेला, असे अकरा मांडले. दारातून जाणाऱ्याची नजर डावीकडून उजवीकडे गेली की त्यांचे हात हलल्यासारखे वाटतात. काळात पसरलेली गोष्ट अशी रांगेत पसरावी लागली.

रूपांतर हा शब्द येथे आम्हांस चालेल. 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' करताना पु. ल. देशपांडे यांनी बोली बदलली आणि माणसांमधली नाती ठेवली. आम्ही हंस काढले. कडा, झालर आणि टांगण्याची कडी आईची ठेवली. तिच्या नमुन्याचा कागद कुठेच नव्हता. मूळ तोरण उजेडाकडे धरून, घरे मोजून तो प्रथमच वहीत उतरवावा लागला. खालच्या कंगोऱ्याला पाचऐवजी सहा खांब का, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "पाचांनी तो आत वळायचा. म्हणून मी वाढवला." म्हणजे तो नमुना कोणा शेजारणीकडून आला असला तरी एक खांब निखळ तिचा होता, आणि हे आजवर कोणी विचारले नव्हते.

समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचे नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवरील पुस्तक १९८२ सालचे आहे. आंध्रातल्या या बायका परदेशी बाजारासाठी घरी बसून क्रोशा विणत, आणि तरी त्यांची गणना 'फावल्या वेळात काही तरी करणाऱ्या गृहिणी' अशीच होई. मजुरीही त्या हिशेबानेच मिळे. आईने पैशांसाठी कधी विणले नाही. पण 'फावला वेळ' हा शब्द आमच्या घरानेही तिच्या कामाला लावलाच होता. निशिकादोंचे नाव, कंपनी आणि साल आम्हांस एका दमात सांगता येते. सहाव्या खांबाचे नाव-साल मात्र मोजणी करायला बसलो नसतो तर उरले नसते. भाच्याने आता वहीतल्या त्या पानावर वर खेळाचे नाव आणि १९७८ लिहिले आहे, आणि खाली 'कंगोरे : आजी'.

कोणास हे तोरण करावयाचे असल्यास हिशेब असा. अकरा खेकडे, प्रत्येकी अकरा घरे. दोन खेकड्यांमध्ये दोन घरे. दोन्ही टोकांना दोन-दोन. एकूण १४५ घरे. दर घराला तीन टाके आणि शेवटचा एक, म्हणजे पायाचे ४३६ टाके. आमच्या हाताने रुंदी सुमारे ९४ सेंटिमीटर भरली, तीन फुटी दाराच्या चौकटीवर ती नीट बसते. साखळी मोजून तेवढीच घालू नये, वीसेक जास्त घालावी. उरलेली मागून उसवता येते. हे शेवटचे आईचे.