न चाललेलं घड्याळ

मुलांनो, पोहण्याची शर्यत तुम्ही कधी पाहिली आहे का? सगळ्यांचे डोळे पोहणाऱ्यांवर असतात. पण काठावर हातात स्टॉपवॉच धरून उभी असलेली माणसं तुम्ही नीट पाहिलीत का? त्यांतलीच मी एक. एरवी मी चौथीच्या वर्गाची बाई. पण सुट्टीच्या दिवशी स्पर्धेला पंच म्हणून जाते. या कामाचे पैसे मिळत नाहीत बरं का! मिळतो तो चहा, वडापाव आणि दिवसभर भिजलेले पाय.

मी स्वतः पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. शर्यत कधी पोहले नाही. पण नऊ वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या स्पर्धेला माणसं कमी पडली, म्हणून आम्हा शिक्षकांना बोलावणं आलं. मी आनंदानं गेले. वेळ घेणाऱ्यांचे प्रमुख एक निवृत्त सर होते. त्यांनी सकाळी तासभर शिकवलं.

"बाई, शर्यत सुरू होताना मुलांकडे बघायचं नाही, इशाऱ्याच्या दिव्याकडे बघायचं," ते म्हणाले. का, ठाऊक आहे? प्रकाश डोळ्यांपर्यंत लगेच पोचतो, आवाज मात्र सेकंदाला सुमारे 340 मीटर चालतो. स्टार्टर 15 मीटर लांब असेल, तर आवाज कानी यायला सुमारे 4 शतांश सेकंद लागतात. शर्यतीत तेवढ्यानं क्रमांक बदलतो! शेवटी काठावर पुढं वाकून सरळ खाली बघायचं आणि अंगाचा कुठलाही भाग भिंतीला टेकला, की बटण दाबायचं.

एका लेनला आम्ही तिघं. तीन घड्याळांच्या तीन वेळा आल्या, की मधली वेळ खरी धरायची. तिसरं घड्याळ बंद पडलं, तर उरलेल्या दोन वेळांची सरासरी. "आणि घड्याळ चाललं नाही, तर लगेच हात वर करा," सर म्हणाले, "राखीव माणूस धावत येईल. त्यात लाजायचं कारण नाही."

पण मी लाजले. तीच माझी गोष्ट.

लहान मुलींची 50 मीटर फ्रीस्टाइल होती, प्राथमिक फेरी. माझी चार नंबरची लेन. तिथली चिमुरडी सारखी गॉगल सारखा करत होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि दिवा लागला! मी घाईनं बटण दाबलं. मुली अर्ध्यावर पोचल्या तेव्हा खाली बघते, तर घड्याळात शून्य! बटण नीट दाबलंच गेलं नव्हतं. हात वर करायला हवा होता. पण मनात आलं, पहिलाच दिवस, सगळ्यांसमोर काय म्हणतील? मुलगी भिंतीला टेकली. शेजारच्या घड्याळात 38.42 दिसले. मी खुशाल सांगितलं, "38.44!" तिसऱ्या घड्याळाची वेळ होती 38.61. कागद भरला गेला आणि पुढची शर्यत सुरू झाली.

मुलांनो, तुम्ही गणितात हुशार आहात ना? मग बघा बरं, मधली वेळ कोणती? माझीच! जे घड्याळ चाललंच नाही, त्याची वेळ त्या मुलीची अधिकृत वेळ ठरली.

मला हे दुपारी कळलं. अंतिम फेरीच्या सहा जणींची यादी लागली होती. सहावं नाव चार नंबरच्या लेनमधल्या मुलीचं, 38.44. सातवी, 38.47, बाहेर. मी बोटांवर हिशेब केला. मी हात वर केला असता आणि राखीव माणसाला तेवढ्यात पोचता आलं नसतं, तर 38.42 आणि 38.61 यांची सरासरी आली असती 38.515. शतांशापुढचा आकडा सोडला की 38.51. म्हणजे त्या दोघींची जागा बदलली असती!

पोटात धस्स झालं. कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसले असते तर चाललं असतं. पण सातवी मुलगी तिथंच पायरीवर बसून टॉवेलानं डोळे पुसत होती.

मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. मुख्य पंचांना घेऊन आले, कागद काढला आणि यादी बदलली. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की हलकं वाटेल. छे! पायरीवरची मुलगी उड्या मारत गेली, पण चार नंबरवालीला बोलावून तिचं नाव काढलं गेलं. तिची काय चूक होती? मी तिची माफी मागितली. ती काहीच बोलली नाही. फक्त गॉगल पिशवीत ठेवला. तो चेहरा मी विसरलेली नाही.

संध्याकाळी सरांनी एक हकिगत सांगितली. 1960 साली रोम ऑलिंपिकमध्ये 100 मीटर फ्रीस्टाइलला अमेरिकेचा लार्सन आणि ऑस्ट्रेलियाचा डेव्हिट जवळजवळ एकदमच पोचले. लार्सनच्या तीन घड्याळांत 55.0, 55.1, 55.1, डेव्हिटच्या तिन्हींत 55.2. पण तेव्हा क्रमांक पंच डोळ्यांनी ठरवत. त्यांच्यात एकमत झालं नाही आणि सुवर्णपदक डेव्हिटला मिळालं! आता मोठ्या स्पर्धांत भिंतीवरच्या पट्टीला हात लागला की यंत्र वेळ नोंदवतं. "तिथं घड्याळं खरं बोलली आणि कुणी ऐकलं नाही," सर म्हणाले. "इथं एक खोटं बोललं आणि आपण ऐकलं. पुढच्या वर्षी या बाई, पण राखीव म्हणून."

मी गेले. वर्षभर राखीव म्हणून कोपऱ्यात उभी राहिले. कुणाचा हात वर झाला की धावायचं. मग पुन्हा लेन मिळाली. नियमांचं पुस्तक पाठ केलं, वर्गाला बसले, लेखी परीक्षा दिली. आता मी वळणावरची पंच आहे. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले का, हे बघते. चूक स्पष्ट दिसली तर हात वर करून चिठ्ठी लिहिते. शंका असेल, तर लिहीत नाही. शंकेचा फायदा पोहणाऱ्याला! आणि जे पाहिलं तेच लिहायचं, शेजाऱ्यानं काय पाहिलं ते नाही.

परवा वर्गात पेपर वाटले. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, माझे दोन गुण जास्त मोजलेत." मी बघितलं, तर खरंच! मी सरळ हात वर केला. सगळा वर्ग हसायला लागला, "बाईंनी हात वर केला!"

हसू देत. एकदा तो वर करायला मला फार उशीर झाला होता.