खंडोबाचा वार

महाराष्ट्रात करोनाच्या साथीत, एप्रिल २०२१ मध्ये, शुक्रवारी रात्री आठपासून सोमवारी सकाळी सातपर्यंतची टाळेबंदी लागू झाली, तेव्हा सातारा-सांगलीकडे रविवार हा दाराआड काढण्याचा वार ठरला. आदल्या वर्षी तर सगळेच वार एकसारखे झाले होते. १९८७ मध्ये रविवारी सकाळीच दिसणारी ‘रामायण’ मालिका दूरदर्शनने २८ मार्च २०२० पासून रोज दाखवायला घेतल्याने रविवारची तेवढीही खूण पुसली गेली. तरी रविवारची खूण घरांनी मुख्यतः चुलीपाशी राखली, ही गोष्ट मोलाची मानली पाहिजे: मटण मिळाले तर रस्सा होई, न मिळाले तर कराड-इस्लामपूरच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर, म्हणजे सालासकट मसुराची झणझणीत आमटी, घरीच रटरटू लागे, आणि शाळा-कचेरी ज्यात येऊन बसली होती तो मोबाइल निदान जेवणापुरता दूर राही.

रविवार असा राखावाच लागतो, कारण तो मुळात मागून घेतलेला आहे. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच हवा, हे त्यांचे म्हणणे गिरण्यांत राबणाऱ्या घाटावरच्या माणसाला निराळे समजावून सांगावे लागले नसावे. आजच्या सांगलीचा बराच मुलूख ज्यात मोडत असे त्या जुन्या सातारा जिल्ह्यातच तारळीकाठचे पाल आहे, जिथे पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, उधळून माणसे पिवळी होतात. १० जून १८९० रोजी मालकांनी सुट्टी मान्य केली. ती मिळवून देणारे लोखंडे पुढे सातच वर्षांत, १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या साथीत गेले; रविवारच्या इतिहासात ही साथ आणि हा मृत्यू यांची आठवण फारच कमी निघते.

शेतकऱ्याचा विसावा मात्र गिरणीहून जुना आणि सोमवारचा आहे. महादेवाचा वार म्हणून बऱ्याच गावांत त्या दिवशी औत धरत नसत, बैलांच्या मानेवर जू ठेवत नसत. ट्रॅक्टर आल्यावर ही रीत मागे पडत गेली, आणि बैलासोबत त्याच्या धन्याचाही हक्काचा दिवस गेला.