दिव्याखालचा अंधार

घर बांधून पुरे होत आले, की घरातल्यांच्या नजरा छताकडे वळू लागतात. लाद्यांचे आणि रंगांचे वाद मिटलेले असतात. उरते ते झुंबर. वसईतील एका कुटुंबाच्या आग्रहाखातर आम्ही अशीच एक अख्खी दुपार मुंबईच्या लोहार चाळीतील दिव्यांच्या दुकानांत घालविली. धर्मगुरूला झुंबरातले काय कळणार, असे कुणी म्हणेल. पण नव्या घरांना आशीर्वाद देत हिंडताना आम्ही जितकी छते पाहिली, तितकी वायरमननेही पाहिली नसतील!

दुकानात शंभर दिवे एकदम पेटलेले असतात. त्या लखलखाटात कोणताही दिवा देखणाच दिसतो. म्हणून मनात भरलेला तेवढा ठेवून बाकीचे मालवायला सांगावे. दुकानदार कुरकुरतो, पण मालवितो. ‘क्रिस्टल’ म्हणून जे दाखवितात ती पुष्कळदा साधी काच असते, कधी नुसते ॲक्रिलिक. अस्सल शिसेयुक्त क्रिस्टलमध्ये शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण २४ टक्के वा त्याहून अधिक असते. त्याचा लोलक तळहातावर घेताच जड आणि गार लागतो. पितळेची परीक्षा याहून सोपी. खिशात लोहचुंबक न्यावे. ते पितळेला चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडाला मात्र चिकटते, आणि आमच्या खाऱ्या हवेत असला मुलामा फार काळ तग धरीत नाही. आकाराचाही एक ठोकताळा आहे: खोलीची लांबी-रुंदी फुटांत मोजून बेरीज करावी, तितक्या इंचांचा व्यास पुरेसा होतो. १४ बाय १६ च्या दिवाणखान्याला ३० इंच. घरच्या थोरल्या मुलाने पसंत केलेले झुंबर ४८ इंचांचे होते, आणि त्याची किंमत त्याच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी.

त्याची आई दुकानात एकदाच बोलली. “फादर, हल्ली तांदळातले खडे मला दिसत नाहीत, बोटांनी चाचपावे लागतात.” मुलाला ते अवांतर वाटले. आम्हांस वाटले नाही. साठीत बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते. विशीच्या मानाने जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर पोहोचतो. आणि ती माउली ज्या टेबलाशी दिवसभर बसणार, त्यावर नव्या घरात छताचा एकच फिकट दिवा योजलेला!

आम्ही मुलाला एवढेच सुचविले, की झुंबर ३० इंचांचे घ्यावे आणि उरलेल्या पैशांत स्वयंपाकघराच्या टेबलावर एक चांगला लोंबता दिवा लावावा. टेबलापासून ३० ते ३६ इंच उंच, ३००० केल्विनचा उबदार प्रकाश, आणि रंग खरे दाखविण्याचा गुणांक, ज्याला दुकानदार सीआरआय म्हणतात, तो ९० च्या वर. तो बराच वेळ गप्प राहिला. मग कॅल्क्युलेटर मागून हिशेब करू लागला.

दरम्यान दुकानातल्या पोराने तसला एक दिवा पेटवून दाखविला. आईने त्याखाली आपला तळहात धरला, उलटसुलट करून पाहिला, आणि हळूच भाव विचारला.