पाच सेंटिमीटर

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

दुकानातल्या फळीची उंची ही निबंध लिहिण्याजोगी गोष्ट नव्हे, असे वाचकांस वाटले तर त्यांचा दोष नाही. मलाही तसेच वाटत असे. आपण दुकानात जातो, हवी ती वस्तू उचलतो, पैसे देतो आणि बाहेर पडतो. ती वस्तू होती तिथेच का होती, गुडघ्याशी किंवा डोक्यावर का नव्हती, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मात्र म्हापशाच्या एका दुकानात या प्रश्नाशी माझी दोन महिने गाठ पडली, आणि त्यातून जे दिसले ते आपल्या वाणिज्य शाखेच्या मित्रमैत्रिणींना सांगावेसे वाटते.

माझे गाव डिचोली. वडील तिथलेच, आई धारवाडकडची. त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांचा संसार सुखाने चालतो, आणि बाहेर पडले की कोंकणी असतेच. शाळा मराठी माध्यमाची. पुढच्या शिक्षणासाठी चोर्ल्याचा घाट चढून बेळगावास आले, ती सुटीत तोच घाट उतरून घरी जाते. आजकाल अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सुटीत कुठेतरी प्रत्यक्ष काम करावे लागते. ओळखीतून म्हापशात एक स्वयंसेवा पद्धतीचे किराणा दुकान मिळाले. डिचोलीहून रोज सकाळच्या बसने जायचे आणि संध्याकाळी परतायचे. काम काय, तर दुकानातील रॅकची मापे घेऊन संगणकात भरणे.

पहिल्याच दिवशी पडद्यावर इंग्रजीत 'फिक्श्चर प्रॉपर्टीज' अशी चौकट उघडली आणि मी क्षणभर थबकले. गोव्यात प्रॉपर्टी म्हटले की सातबाराच्या धर्तीवरचे कागद, भाऊबंदकी आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. रॅकची कसली आली मालमत्ता? मग शाळेतले विज्ञानाचे पुस्तक आठवले. त्यात पदार्थांचे 'गुणधर्म' असत. कन्नडमध्येही मालमत्तेला 'आस्ति' आणि गुणाला 'गुण' असे वेगळे शब्द आहेत. इंग्रजीने मात्र दोघांना एकाच खुर्चीवर बसवले आहे. पुढे काम करता करता वाटू लागले की इंग्रजीचे तितकेसे चुकलेले नाही. दुकानातल्या फळीचे गुणधर्म ज्याच्या हाती, त्याच्या हाती थोडीफार मालमत्ता असतेच.

हे काम कसे चालते ते आधी सांगते. संगणकात दुकानातल्या प्रत्येक रॅकचे चित्र असते. मोठ्या साखळी दुकानांसाठी ब्लू याँडरसारख्या परदेशी कंपन्यांच्या भारी प्रणाली असतात. आमच्याकडे होती ती साधी, पण तत्त्व तेच. रॅकची रुंदी, उंची, खोली, तळाच्या पायाची उंची, फळीची जाडी आणि फळी अडकवायच्या खाचांमधले अंतर असे आकडे भरायचे. मग प्रत्येक मालाची रुंदी, उंची, खोली भरायची. कोणता माल कोणत्या फळीवर, समोरून किती नग दिसतील आणि त्यांच्या मागे किती रांगा मावतील, याचा आराखडा त्यातून तयार होतो. त्याला 'प्लॅनोग्राम' म्हणतात. पुढची खरेदीही त्याच आकड्यांवर ठरते.

आकडे खरे नसतील तर काय होते, ते पहिल्या आठवड्यातच दिसले. रॅक पुरवणाऱ्याकडून आलेल्या तयार फाइलीत फळीची खोली ५० सेंटिमीटर होती. मी टेप लावला तर ती भरली ४०. आठ सेंटिमीटर व्यासाच्या बाटल्या ९० सेंटिमीटर रुंद फळीवर समोरून ११ बसतात. खोली ५० असेल तर मागे ६ रांगा, म्हणजे ६६ बाटल्या. खोली ४० असेल तर ५ रांगा, म्हणजे ५५. प्रत्येक फळीमागे ११ बाटल्या संगणकाच्या मते फळीवर होत्या आणि प्रत्यक्षात त्या कोठारात खोक्यांत धूळ खात होत्या. आपण लेखाकर्माच्या तासाला गुंतून पडलेल्या भांडवलाविषयी लिहितो. ते मला अशा रीतीने, जिन्याखालच्या कोठारात, प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

फळीला एवढे महत्त्व पूर्वी नव्हते. आपल्या वाण्याच्या दुकानात गल्ल्याच्या अलीकडे गिऱ्हाईक आणि पलीकडे माल अशी विभागणी असे. फळी उंच असो की बुटकी, चढायचे वाण्याच्या पोऱ्याने. अमेरिकेतही तशीच रीत होती. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या गृहस्थाने 'पिगली विगली' नावाचे दुकान काढले आणि गिऱ्हाइकालाच टोपली देऊन आत सोडले. त्या दिवसापासून विक्रेत्याचे तोंड बंद झाले आणि फळी बोलू लागली. मुंबईत सहकारी चळवळीतून निघालेल्या अपना बाजारसारख्या भांडारांनी ही पद्धत मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पाडली. फळीवर जास्त जागा दिल्याने खप खरोखरच वाढतो का, याची तपासणी रोनाल्ड कर्हान या अमेरिकन अभ्यासकाने १९७२ साली प्रसिद्ध केली. खप वाढतो, पण थोडाच, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरी तो थोडा खप आपल्याकडे यावा म्हणून कंपन्या डोळ्यांसमोरच्या फळीसाठी दुकानदाराला पैसे मोजतात. म्हणजे फळीला भाडे असते, आणि ते उंचीप्रमाणे बदलते.

आता हे सारे म्हापशात घडत होते, हे लक्षात ठेवायला हवे. 'माप' आणि 'सा' म्हणजे भरणे, यांवरून गावाचे नाव पडले असे लोक सांगतात. बार्देशचा हा बाजार जुना. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस, १९६० च्या सुमारास, पालिकेचा आजचा बाजार आखून बांधला गेला. केळ्यांची ओळ वेगळी, फुलांची वेगळी, मडक्यांची वेगळी, सॉसेजची वेगळी. आज ज्याला आम्ही दुकानाचा आराखडा म्हणतो तो तिथे सिमेंटमध्ये ओतलेला आहे. शुक्रवारी पेडण्याहून, डिचोलीहून, खेड्यापाड्यांतून बायका भाजी, मिरच्या, सोलां, नारळ घेऊन उतरतात आणि त्या आखीव ओळींच्या मधल्या जागेत गोणपाट पसरून बसतात. माझ्या फाइलीच्या भाषेत सांगायचे तर त्यांच्या फळीची उंची शून्य. पण विकणारी स्वतः वस्तू उचलून तुमच्या डोळ्यांपर्यंत आणते. वाटा लहान दिसला तर वर दोन मिरच्या टाकते. कन्नडात मापाला 'अळते' म्हणतात आणि आठवड्याच्या बाजाराला 'संते'. संतेतली अळते थोडी सैलच असते, हे बेळगावच्या वाचकांना सांगायला नको.

आमच्या दुकानात मात्र उचलून दाखवणारे कुणी नव्हते. आणि इथेच आगळाचा प्रश्न आला.

मे महिना हा गोव्यात पुरुमेंताचा. पावसाचे चार महिने निभावेत म्हणून मिरच्या, सुके मासे, चिंच, सोलां, कांद्यांच्या माळा घरात भरून ठेवायच्या. पेडण्याकडच्या एका बचत गटाच्या बायका भिरंडाचे आगळ करतात. दुकानाचे शेठ गेली काही वर्षे त्यांच्याकडून ते घेत होते. गल्ल्याजवळ एका स्टुलावर बाटल्या मांडलेल्या असत आणि विक्री वहीत लिहिली जाई. नव्या आराखड्यात स्टूल नव्हते. संगणकात आगळाच्या विक्रीचा इतिहास शून्य होता, कारण वही संगणकाला वाचता येत नाही. बाटली भरली ३० सेंटिमीटर उंच. प्रणालीने तिच्यासाठी एकच जागा सुचवली, सर्वांत खालची, जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर, तेलाच्या डब्यांशेजारी. संगणक चालवणारा मुलगा म्हणाला, "तिथे ठेवलेले कोण वाकून पाहणार? त्यापेक्षा यादीतून काढूनच टाकूया."

मी रॅकचे आकडे पुन्हा मांडले. एकूण उंची १८०. फळ्या १५, ५०, ८५, १२० आणि १५० सेंटिमीटरवर. खाचा दर पाच सेंटिमीटरवर. फळीची जाडी ३. खालच्या तीन कप्प्यांत मोकळी उंची ३२, म्हणजे आगळाची बाटली मावते. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यात माल आधीच भरलेला. १२० वरच्या फळीवर मोकळी उंची २७ आणि तिथे जॅमच्या बुटक्या बरण्या, डोक्यावर मोकळी हवा घेऊन बसलेल्या. ती फळी एक खाच खाली, ११५ वर आणली तर तिच्यावरची मोकळी उंची ३२ होते. खालच्या कप्प्यात २७ उरते, आणि तिथल्या सॉसच्या बाटल्या २४ सेंटिमीटरच्या. कुणालाही बाहेर जावे लागत नव्हते. जॅमला ५० सेंटिमीटर रुंदी ठेवून आगळाला ४० देता येत होती. समोरून पाच, मागे पाच रांगा, एकूण पंचवीस बाटल्या.

फाइलीत आणखी एक आकडा होता: 'डोळ्यांची पातळी', १५० ते १७०. हा आकडाही तयारच आलेला. माझी स्वतःची उंची १५२ सेंटिमीटर. दुकानात येणाऱ्या बहुतेक बायका माझ्याएवढ्याच, काही माझ्याहून बुटक्या. दोन दिवस मी कोपऱ्यात उभी राहून पाहिले. सगळ्यांत वरच्या फळीकडे त्या मान वर करून बघत आणि सोडून देत. हात सहज जाई तो छातीपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात. त्या गणिताने ११५ ची फळी दुकानातली उत्तम जागा ठरत होती. मी हे सारे कागदावर लिहून शेठना दाखवले. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि विचारले, "कंपनीचा माणूस ओरडणार नाही ना?" जॅमची रुंदी कमी होणार होती, तेव्हा तो ओरडणार हे उघड होते. तरी ते म्हणाले, "जूनपर्यंत ठेवून बघू."

पण गोष्ट इथे सरळ संपत नाही. संगणकात एका मालाला एकच उंची भरता येते. बायकांच्या बाटल्या होत्या जमवलेल्या, धुऊन घेतलेल्या. कुठली २६ सेंटिमीटर, कुठली ३२. फळीवर राहायचे तर सगळ्या बाटल्या एकाच मापाच्या हव्यात, प्रत्येकीवर बारकोड हवा, आणि वजन, किंमत, महिना छापलेले लेबल तर कायद्याने हवेच. नव्या बाटल्यांचा खर्च त्यांच्या अंगावर पडला. गटाच्या वतीने माल घेऊन येणाऱ्या मावशी नव्या बाटल्यांची पहिली खेप उतरवताना म्हणाल्या, "बाये, बाटले सारके केले. पण भिरंडां खंय सारकी पिकतत?" मला उत्तर सुचले नाही. त्यांनी किंमत थोडी वाढवली, आणि ती वाढवणे बरोबरच होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी बेळगावास परतले, तोवर त्या फळीवर तीनदा माल भरावा लागला होता. पुरुमेंताचा हंगाम होता, तेव्हा सगळे श्रेय खाचेला देणे वाणिज्याच्या विद्यार्थिनीला शोभणार नाही. मात्र आगळाचा खप आता संगणकात नोंदला गेला आहे. पुढच्या वेळी आराखडा करताना कुणी 'इतिहास शून्य' असे म्हणू शकणार नाही, आणि त्या बायकांच्या दृष्टीने कदाचित हीच मोठी गोष्ट आहे.

हरमलच्या मिरचीला मात्र मला जागा देता आली नाही. पेडणे तालुक्यातल्या या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिची ख्याती मोठी. पण आमच्याकडे ती येई ती सुटी, वाट्यावारी. सुट्या ढिगाची रुंदी, उंची, खोली काय भरणार? मी दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ती शुक्रवारच्या बाजारात गोणपाटावरच राहिली. तिथे तिला बरे गिऱ्हाईकही आहे. पण गिऱ्हाईक हळूहळू थंड हवेच्या दुकानांकडे वळते आहे, हे शुक्रवारी बाजारात बसणाऱ्या बायकाच सांगतात. ज्या वस्तूला चौकटीत भरण्याजोगे माप नाही, तिचे पुढे काय होणार, याची चिंता मला वाटते.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बँकांत, कंपन्यांत, दुकानांत संगणकापुढे बसणार आहोत. तिथे तयार आकडे भरलेली चौकट समोर येईल आणि खाली 'ठीक आहे' असे बटण असेल. ते दाबायला काहीच कष्ट पडत नाहीत. माझे सांगणे इतकेच, की दाबण्यापूर्वी एकदा उठावे आणि टेप घेऊन त्या फळीपाशी जाऊन यावे. तो आकडा कुणाच्या उंचीवरून घेतला आहे, आणि त्याने कुणाचा माल तळाशी गेला आहे, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आगळाच्या त्या पंचवीस बाटल्यांना जागा मिळायला पाच सेंटिमीटर लागले, आणि फळी हलवायला दोन माणसे व पंधरा मिनिटे.