चमक नाही

मुलांच्या जागा बदलण्याचा मला जुना नाद आहे. वर्गात शिरलो की बडबड्याला पुढे आण, झोपाळूला खिडकीपाशी बसव, असे माझे राज्य सुरू होते. जागा बदलली की माणूस बदलतो, अशी माझी श्रद्धा! तिला रसायनशास्त्राचा आधार मिळेल असे मात्र स्वप्नातही वाटले नव्हते.

तो मिळाला गेल्या उन्हाळ्यात, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे संशोधन करते. माझे शिक्षण दहावीपाशी थांबलेले. पुढे मराठी शिकवले, कादंबऱ्या लिहिल्या. पण विज्ञानाच्या दारात पाऊल अजून अडखळते. "या सर, इथे कुणी छडी घेऊन उभं नाही," असे म्हणत तिने मला आत नेले.

तिने दोन नळ्या समोर ठेवल्या. दोन्हींत पाण्यासारखे नितळ द्रावण. मला चष्मा चढवायला लावून तिने अतिनील दिवा लावला. एक नळी तशीच राहिली. दुसरीत जांभळट निळी झाक उमटली, जेमतेम डोळ्यांना जाणवेल अशी.

"पहिलीत ॲडेनिनला साखर जोडलेली आहे," ती म्हणाली. "असा रेणू म्हणजे न्यूक्लिओसाइड. दुसरीत त्याचाच भाऊ. अणू तेच आणि तितकेच. फक्त एक ॲमिनो गट सहाव्या जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसलाय. हा २-ॲमिनोप्युरिन." वॉर्ड, राइश आणि स्ट्रायर यांनी १९६९ साली याच्यासारख्या रेणूंचे उजळणे मोजून प्रसिद्ध केले, असेही तिने सांगितले.

"पण साखर जोडतं कोण?"

"जंतूंमधली एन्झाइमं. माणसानं जोडायची तर मोठी यातायात. साखरेला हात फार. नको ते हात आधी बांधायचे, मग सोडायचे. एवढं करून ती भलत्याच बाजूनं चिकटते! एन्झाइम तेच काम साध्या कोमट पाण्यात, एका भांड्यात करतं."

व्यवहार मोठा गमतीचा आहे. थायमिडीन नावाच्या न्यूक्लिओसाइडची साखर एक एन्झाइम फॉस्फेटच्या मदतीने सोडवून घेते. दुसरे एन्झाइम, प्युरिन न्यूक्लिओसाइड फॉस्फोरायलेज, ती नव्या पाहुण्याच्या गळ्यात घालते; सुटलेले फॉस्फेट पुन्हा पहिल्याच्या कामाला लागते. या दुसऱ्या एन्झाइमची ही देवघेव डॅनिश शास्त्रज्ञ हर्मन काल्कार यांनी १९४० च्या दशकात उलगडली. वासराच्या प्लीहेतले असले एन्झाइम पाहुण्यांच्या बाबतीत चोखंदळ असते. ई. कोलाय जंतूतले तेवढे सोवळे पाळत नाही. म्हणून हा जागा बदललेला भाऊही पंक्तीत खपून जातो.

"पाहिलंस!" मी उत्साहाने म्हणालो. "जागा बदलली की उजेड पडतो!"

ती हसली. "सर, सातवीत तुम्ही मला मागून उठवून पहिल्या बाकावर बसवलंत. त्या वर्षी मी वर्गात तोंड उघडलं नाही."

मी चष्मा पुसू लागलो.

"याचंही तसंच," ती मऊपणे म्हणाली. "डीएनएच्या साखळीत दोन शेजाऱ्यांमध्ये दाटून बसला की याचा उजेड मंदावतो. एखाद्या एन्झाइमनं त्याला वळवून साखळीबाहेर काढलं की पुन्हा उजळतो. तिथं काही हललं, हे आम्हाला त्यावरूनच कळतं."

"आणि ही पहिली नळी? ही मंदच म्हणायची?"

"छे! ॲडेनिन अतिनील प्रकाश घेतं आणि लगेच उष्णता करून टाकून देतं. सेकंदाचे अब्ज भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार. तेवढ्यात सगळं आटोपतं. हा भाऊ तोच प्रकाश सुमारे दहा हजार पट वेळ धरून बसतो, म्हणून चमकतो. पण जितका वेळ धरावं तितका काही बिघडण्याचा धोका. आपल्या डीएनएवर ऊन पडूनही तो बहुतेक वेळा शाबूत राहतो, त्यात या न चमकणाऱ्यांचा मोठा वाटा आहे."

परतताना एसटीत मला मागच्या बाकावरचा एक मुलगा आठवला. कुणी चिडवले, कुणी मारले, तरी ते तिथल्या तिथे जिरवणारा. एकदा तो आठ दिवस तापाने घरी होता, तर वर्गात रोज भांडणे! तो परत आला आणि वर्ग निवला. मी मात्र एवढेच टिपले, की आठ दिवस गैरहजर. वर्षअखेर त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी शेरा मारला, 'चमक नाही.' नववीनंतर त्याने शाळा सोडली.

शेरा शाईचा होता. आता तो कुठल्या पेटीच्या तळाशी पडला असेल, कुणास ठाऊक.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या तासाला सवयीने माझी नजर बाकांवरून फिरली. मुले उठायच्या तयारीत बसली होती. मी हजेरी घेतली आणि धडा सुरू केला. कुणालाच उठवले नाही.