नट नसलेल्या सिनेमाचं पोस्टर

माहितीपट महोत्सवासाठी पोस्टर स्पर्धा म्हटली की मला आधी दिसतं ते फिल्मचं रीळ. मग क्लॅपबोर्ड. मग मोठा डोळा आणि बुबुळाच्या जागी कॅमेऱ्याची लेन्स. ज्या मुलांनी रीळ कधी हातात धरलेलं नाही, तीही रीळच काढतात. दोष त्यांचा नाही. माहितीपट म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय आणायचं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

कथापटाच्या पोस्टरला धरायला काहीतरी असतं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत. तिथे राजे होते, राण्या होत्या, तलवारी होत्या. माहितीपटातली बाई धरणात गाव गेलेली असते, माणूस गटारात उतरणारा असतो. त्यांचा चेहरा भिंतभर छापावा, तर त्यांचं दुःख आपण जाहिरातीला लावतोय का, असा प्रश्न पडतो. आणि पडायलाच हवा. म्हणूनच बिचारे चित्रकार रिळाकडे वळत असावेत. रिळाला वाईट वाटत नाही.

आमच्या नाशिकमध्ये अभिव्यक्ती मीडिया फॉर डेव्हलपमेंट ही संस्था माहितीपटांचा महोत्सव भरवत आली आहे. त्याचं नाव 'अंकुर'. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांची या नावाशी जुनी ओळख आहे. 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे करायचे होते आणि सावकाराला हलत्या चित्रांवर भरवसा नव्हता. तेव्हा 1912 मध्ये फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि ठरावीक वेळानं एकेक चौकट टिपत गेले. महिनाभराहून अधिक चाललेली वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटभरात झाली. कोंब वर आला, पानं फुटली, वेल चढली. पैसे मिळाले. या पट्टीला मी खुशाल माहितीपट म्हणतो. तिच्यात नट नव्हता, गोष्ट नव्हती. जे घडलं तेच होतं, आणि तेवढ्यानं सावकार विरघळला.

फाळके मुळात छपाईचे माणूस, हेही विसरू नये. जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, रविवर्म्यांच्या छापखान्याशी संबंध आलेले, यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आलेले. जाहिरात त्यांना कळत होती. 'हरिश्चंद्र'च्या खेळासाठी त्यांनी केलेली जाहिरात सांगतात: 57 हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि तिकीट तीन आणे. नटांचं नाव नाही की कथेचं कौतुक नाही, नुसती मापं! पौराणिक सिनेमा विकायला त्यांनी हिशोब पुढे केला, आणि आज खऱ्या माणसांचे सिनेमे विकायला आपण बुबुळात लेन्स बसवतो.

पोस्टर लागणार कुठे, हाही विचार स्पर्धकानं करावा. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापाशी किंवा द्वारकेच्या चौकात एकदा उभं राहून वर पाहावं. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, त्यांवर भाऊ, दादा, साहेब, खाली पन्नासेक पासपोर्ट फोटो. त्या गर्दीत आणखी एक चेहरा, आणखी एक भडक रंग घालून काही हाती लागत नाही. तिथे मोकळी जागा उठून दिसेल, एखादी साधी वस्तू उठून दिसेल. कुंडीतला वाटाणाही चालेल. मात्र 'अंकुर' नाव असल्यामुळे सगळेच कोंब काढायला लागले, तर रीळ बरं होतं म्हणायची पाळी यायची.

खरं तर आजकाल पोस्टर भिंतीवर कमी आणि मोबाईलवरच जास्त पाहिलं जातं, अंगठ्याच्या नखाएवढं. परीक्षकांनी ते तसंच, व्हॉट्सॲपवर आलेलं पाहून गुण द्यावेत. नंतर निवडलेलं पोस्टर पूर्ण आकारात छापावं, रविवार कारंज्यावर चिकटवावं आणि समोरच्या टपरीवर चहा घेत कोण थांबतं ते बघावं. पहिला निकाल तिथेच लागेल.